अण्णांच्या मापाची सायकल

माझी पहिली सायकल माझ्या वडलांच्या मापाची होती. म्हणजे त्यांची जुनी मला मिळाली असं नाही. चांगली कोरी, सांगून करून घेतलेली, लाल रंगाची, खास माझ्यासाठी केलेली. तरी माप वडलांचं. हे कसं झालं ते सांगायला बसले की मला आधी राग येतो, मग हसू येतं आणि शेवटी डोळ्याला पदर लावावा लागतो. तिन्ही एकाच बैठकीत. म्हातारपण, दुसरं काय.

वडलांना आम्ही अण्णा म्हणायचो. मूळचे वैजापूरकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. पण उर्दू शाळेत शिकले न् निजामाच्या राज्यात तहसिलीत कारकून झाले. पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं, कचेरीतले कागद उर्दूतले मराठीत आले. तेव्हा अण्णांनी मुलांच्या शेजारी बसून बाराखडी गिरवली न् नोकरी टिकवली. पुढं बदली होऊन आम्ही औरंगाबादला आलो. बोलण्यात मामला, दरखास्त, खातरजमा असले शब्द शेवटपर्यंत राहिले, आणि एक सवयही राहिली. जे कागदावर नाही ते अण्णांच्या लेखी नसायचंच. त्याबद्दल बोलायचं नाही, विचारायचं नाही.

माझा डावा पाय असाच कागदावर नव्हता. मी दीड-दोन वर्षांची असताना ताप आला, आणि ताप उतरला तेव्हा तो पाय मागं राहिला. वाढला, पण उजव्याच्या बरोबरीनं नाही. मी थोडी लंगडत चालायची. सगळ्या गल्लीला दिसायचं, पण आमच्या घरात तो शब्द कोणी काढायचं नाही. दर दसऱ्याआधी माझ्यासाठी नवी चप्पल यायची, अण्णा ती घेऊन एकटेच मोच्याकडं जायचे, आणि परत आली की डावी चप्पल खालून जाड झालेली असायची. आई म्हणायची, "घाल गं." मी घालायची. मामला खतम.

ट्रेनिंग संपलं न् मला शाळा मिळाली ती फुलंब्रीच्या रस्त्यावर, हर्सूलच्या पुढं, एका लहान गावात. नेमणूक हंगामी. पहिल्या दिवशी पोरांनी माझ्या चालीची नक्कल केली, आठव्या दिवशी विसरून गेली. त्यानंतर मी त्यांची बाई झाले. कोणी पेरू आणून टेबलावर ठेवायचं, कोणी घरची भांडणं सांगायचं. शहरात मी इतकी वर्षं राहिले, पण माझ्या चालण्याकडं अजिबात लक्ष नसलेली माणसं मला त्या शाळेत पहिल्यांदा भेटली. ती शाळा मला सोडायची नव्हती.

अडचण अशी की सकाळची मोटार तिथं पोचायची तेव्हा शाळा भरून तास झालेला असायचा. मुख्य गुरुजी भले गृहस्थ. ते म्हणाले, "बाई, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मी सांभाळून घेतो. सुट्टीनंतर वेळेवर यायची सोय झाली पाहिजे. नाही तर मला वर कळवावं लागेल, आणि यादीतली पुढची बाई येईल." आई म्हणाली, "मग कशाला लई जीव जाळायचा? घरी बसून शिकवण्या घे." मी म्हणलं, मी सायकल घेते.

सायकल मला येत होती. मैदानावर तासाच्या भाड्यानं घेऊन मी मैत्रिणीबरोबर शिकले होते. उजव्या पायानं जोर द्यायचा, डावा नुसता सोबतीला. सपाटीवर भागायचं. पण हर्सूल सोडलं की चढ लागतो, आणि तिथं दोन्ही पायांचं काम असतं. म्हणून मला सायकल मापाची पाहिजे होती.

अण्णा लगेच तयार झाले. त्यांच्या गावाकडच्या एका तरुणानं शहरात नवं दुकान काढलं होतं. गिऱ्हाइकाचं माप घेऊन सायकल बांधून देतो अशी त्याची ख्याती. अण्णा एकटेच त्याच्याकडं गेले. तिथं काय झालं ते मला नंतर कळलं. दुकानदार म्हणाला, "काका, ताईंना कशाला आणता? चारचौघांत त्यांना टेप लावणं बरं दिसतं का?" अण्णांना ते फार पटलं. ते म्हणाले, "दुरुस्त आहे. आम्ही बापलेक एकाच उंचीचे. तू माझंच माप घे." आणि माझे वडील, धोतर सावरत, काळी टोपी घालून, दुकानाच्या मध्यभागी ताठ उभे राहिले न् आपल्या दोन धडधाकट पायांचं माप देऊन आले. वर सांगून आले की मधला दांडा नको, मुलगी साडी नेसते. पायाबद्दल एक अक्षर नाही.

सायकल आली. दिसायला काय सुरेख होती! मागच्या चाकाला साडी अडकू नये म्हणून जाळी, पुढं टोपली, लाल रंग असा की शेजारच्या बाया बघायला आल्या. आईनं हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. मी बसले, आणि पहिल्याच फेरीत कळलं की आपलं काही खरं नाही. पैडल खाली गेलं की डावा पाय हवेत. पैडल फिरून वर यायचं न् नडगीवर ठण्णकन बसायचं. थांबायचं म्हणलं की सवयीनं डावा पाय खाली जायचा, तो जमिनीला टेकत नव्हता, उडीच मारावी लागायची. चढावर तर ती मला नेत नव्हती, मीच तिला नेत होते, ढकलत. चौथ्या दिवशी उतारावर पडले, गुडघा फुटला, साडी फाटली. शाळेत पोचले ती मोटारीपेक्षाही उशिरा.

घरी मी सांगितलं, "ही सायकल परत करा."

अण्णा म्हणाले, "नवी आहे. चालवशील तशी सैल पडेल."

माझा राग आधीच नाकाच्या शेंड्यावर होता. मी म्हणलं, "सैल पडायला ती चप्पल आहे का, अण्णा?"

चप्पल हा शब्द तोंडातून गेलाच. आई चुलीपुढं वाकली. अण्णांनी वर्तमानपत्र उघडलं. पण रविवारी सकाळी टोपी घालून तेच म्हणाले, "चल, देऊन येऊ."

दुकानात अण्णांनी काय सांगावं? "मुलीला सवय नाही. तिला जमत नाही." मी बाजूला उभी, गुडघ्याला चिंधी बांधलेली. दुकानदार म्हणाला, "काका, सवय नाही यात माझा काय दोष? माप तुम्ही दिलं, तसं मी केलं. एक सूत इकडं तिकडं नाही. बसून दाखवा हवं तर." तो खरं तेच बोलत होता. मला वाटलं, अण्णा आता तरी सांगतील. ते म्हणाले, "बरं, बघू," आणि पायरी उतरले. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथं अंगण खरंच वाकडं होतं, अण्णांना ते माहीतही होतं, आणि नाव माझं खराब झालं. वाटेत सायकल मी ढकलत होते, अण्णा चार पावलं मागून येत होते.

शहागंजात घड्याळाच्या मनोऱ्याजवळ साखळी उतरली. तिथंच एका बोळाच्या तोंडाशी एक मिस्त्री कानस घेऊन लोखंड घासत बसले होते. पांढरी दाढी, अंगात बनियन, नाकावर दोरा बांधलेला चष्मा. मागं भिंतीला सायकलींचे सांगाडे लटकलेले, आणि त्यामागं पडदा लावलेलं त्यांचं घर. त्यांनी साखळी चढवून दिली. मला म्हणाले, "बेटी, जरा उस खंबे तक जाको आव." मी खांबापर्यंत जाऊन आले. त्यांनी माझ्याकडं नीट बघितलंसुद्धा नाही. मान कलती करून नुसता पैडलचा आवाज ऐकल्यासारखं केलं. मग अण्णांना विचारलं, "साहब, सायकल किसकी?"

"मुलीची."

"नै साहब. ये तो तुमारी है." त्यांनी एका नजरेत अण्णांना खालपासून वरपर्यंत मोजलं. "बेटी का डावा पाव कित्ता छोटा है?"

अण्णा म्हणाले, "छोटा नाही. सवय नाही तिला."

मिस्त्रींनी कानस उचलली न् पुन्हा कामाला लागले. "तो फिर मेरा क्या काम? जो पाव छोटा हैच नै, उसकी सायकल मैं कैसी बनाऊं?"

मी पुढं झाले. म्हणलं, "चाचा, आहे, डावा आहे, मी सांगते—" तर त्यांनी हात वर केला. "तू नक्को बोल, बेटी. जिसने माप दिया, उसने बोलना."

मग मी दुसरी वाट काढली. म्हणलं, हीच सायकल कापून दुरुस्त करून द्या. तेही नाही. दुसऱ्या कारागिराची नवी सायकल ते कापत नसत. "उसकू जैसा बोले, वैसी उसने बनाया. उसका गुनाह नै. जाको सच बोलो, उसकी चीज उसकू वापस देव, फिर मेरे पास आव." एवढं बोलून त्यांनी विषय संपवला. हातातलं गिऱ्हाईक असं परत पाठवणारा माणूस मी तोवर बघितला नव्हता. मला मिस्त्रींचा थोडा रागही आला. दिवाळी तोंडावर आली होती, आणि हे बाबा सत्य-असत्याचा न्याय करत बसले होते.

अण्णा दोन दिवस जेवून उठले की वर्तमानपत्र उघडून बसायचे. आईनं मला मोरीजवळ गाठून हळूच सांगितलं, "तू त्यांना टाकून बोलू नकोस. त्या दुकानात आपल्या गावाकडचा राबता आहे. तिथं बोललेलं आठ दिवसात वैजापूरला पोचतं. तुझ्या सोयरिकीचं बघतात न् ते तिकडं." तेव्हा मला कळलं की अण्णा कोणापासून काय लपवत होते. कळलं, पण राग गेला नाही. म्हणलं, "मग ज्याच्या घरी देणार त्याला काय सांगणार होते? सवय नाही म्हणून?"

तिसऱ्या दिवशी अण्णा कचेरीतून लवकर आले. चहासुद्धा घेतला नाही. चांगला कोट घातला, टोपी झटकली, आणि म्हणाले, "सायकल काढ."

दुकानात नेमकी गर्दी. चार-पाच जण बाकावर बसलेले, त्यात एक आमच्या लांबच्या नात्यातले, गावाकडून माल घ्यायला आलेले. त्यांनी "रामराम" केला. मला वाटलं, संपलं, आता परत "सवय नाही" ऐकायचं. अण्णांनी रामराम घेतला. सायकल स्टँडला लावली. कचेरीत साहेबापुढं उभं राहावं तसे दुकानदारापुढं उभे राहिले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझ्या मुलीचा डावा पाय तीन बोटं आखूड आहे. लहानपणी ताप आला होता. मी तुला सांगितलं नाही. माप मी माझं दिलं. तुझं काम चोख आहे, तिचीही काही चूक नाही. चूक माझी आहे."

आणि त्यांनी हाताची तीन बोटं धरून दाखवली.

मला वाटलं होतं की असं काही चारचौघांत बोललं गेलं तर मी लाजेनं मरेन. काही मेले नाही. उलट इतकं मोकळं वाटलं की मी दुकानातल्या सगळ्यांकडं सरळ बघितलं, त्या नातेवाइकांकडंसुद्धा. दुकानदार गादीवरून उठून खाली आला. म्हणाला, "काका, आधी बोलला असता तर मीच तुम्हाला शहागंजात पाठवलं असतं. असलं काम मला येत नाही. ते एकटे तिथले मिस्त्रीच करतात." त्यानं सायकल कुरकुर न करता परत घेतली. देण्याघेण्याचं काय ठरलं ते मला आठवत नाही. अण्णांनीही कधी काढलं नाही.

परत येताना मी विचारलं, "अण्णा, तीन बोटं हे तुम्हाला कसं कळलं?"

"मोच्याला दर वर्षी सांगावं लागायचं की," ते म्हणाले. "त्याला तेवढं सांगायचो. दुसऱ्या कोणाला नाही." मी रस्त्याकडं बघत चालत राहिले, कारण दुसरीकडं बघायची सोय नव्हती.

मिस्त्रींकडं माप घ्यायची रीत वेगळी होती. त्यांनी मला हात लावला नाही, टेप काढली नाही. आत हाक मारली. चाची बाहेर आल्या, मला पडद्याआड घेऊन गेल्या, खाटेवर बसवलं, आणि दोन दोरे काढले. उजव्या पायाला लाल, डाव्याला पांढरा. कमरेपासून टाचेपर्यंत दोरा ताणायच्या, गुडघ्यापाशी गाठ, घोट्यापाशी गाठ. गाठ मारताना त्यांनी सहज विचारलं, "दुखता क्या, बेटी?"

हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. जो पाय नव्हताच तो दुखणार कसा? मी म्हणलं, "चढावर दुखतो, चाची," आणि रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं. मग एक गाठ सोडून पुन्हा मारली, म्हणाल्या, "तू हलली ना, माप गलत हुआ." दोघी हसलो.

दोरे बाहेर गेले. मिस्त्रींनी डोळे मिटून गाठींवरून बोटं फिरवली, दोन्ही दोरे शेजारी शेजारी धरले, आणि अण्णांना म्हणाले, "तीन नै साहब. ढाई." अण्णांचा चेहरा असा खुलला की जणू कोणी बढतीचा कागद हातात दिलाय. अर्धं बोट माझ्या पदरात वाढवून मिळालं होतं.

सायकल व्हायला बरेच दिवस लागले. मला तीन वेळा बोलावून अर्ध्या सांगाड्यावर भिंतीला धरून बसवलं. थांबताना कोणता पाय खाली टाकतेस, साडीचा काच कुठं होतो, टोपलीत काय असतं, सगळं विचारलं. नळ्या कापून पितळेनं जोडल्या, बैठक खाली आणली. ज्या दांडीला पैडल असतं ती डावीकडची दांडी कापून आखूड केली, आणि डाव्या पैडलवर शिसवाचा ठोकळा बसवला, घसरू नये म्हणून वर चामडं. रंग विचारला तेव्हा मी काळा सांगितला. लालाची हौस फिटली होती.

सुट्टी संपली त्या सकाळी मी हर्सूलच्या पुढचा चढ एकदाही न उतरता चढले. डावा पाय खाली जायचा न् पैडल त्याच्याखाली असायचं. एवढंच. पण जन्मात पहिल्यांदा त्या पायाला काम मिळालं होतं. वर पोचेपर्यंत पोटरी भरून आली, आणि मला तिचं फार कौतुक वाटलं. गुरुजी शाळेच्या दारात उभे होते. त्यांनी घड्याळ बघितलं, मला बघितलं, न् म्हणाले, "घंटा द्यायची राहिलीय. तुम्हीच द्या." त्या शाळेत मी अकरा वर्षं राहिले. सोयरीकही पुढं झाली, पाय बघून, विचारून झाली.

आठ-पंधरा दिवसांनी मी सकाळी निघाले तर दारात अण्णा. कोट, टोपी, धोतर, आणि हातात ती लाल सायकल.

ती दुकानात तशीच लटकून होती. बायकांना उंच आणि पुरुषांना बायकी, कोण घेणार? अण्णांनी जाऊन सोडवून आणली. म्हणाले, "हर्सूलपर्यंत तुझ्यासोबत येतो, मग कचेरीत जातो. मला मापाची आहे. धोतराला हीच बरी, दांडा आडवा येत नाही." आई दारात उभी राहून म्हणाली, "लोक हसतील हो." अण्णा म्हणाले, "हसू देत."

आणि लोक हसले. शहागंजातून आम्ही जायचो तेव्हा मिस्त्री कानस थांबवून म्हणायचे, "चलो, सायकल कू उसका मालिक मिल्या." कोणी ना कोणी ओळखीचं थांबवायचंच, "काय कारकूनसाहेब, लेडीज सायकल?" मग अण्णा हसून पुढं जात नसत. खाली उतरायचे, सायकल स्टँडला लावायचे, आणि पहिल्यापासून सांगायला लागायचे. "त्याचं असं झालं, माझ्या मुलीचा डावा पाय अडीच बोटं आखूड आहे..." दोन बोटं सरळ, तिसरं अर्ध्यात दुमडलेलं. ज्यानं विचारलं त्याला तर सांगायचेच, ज्यानं विचारलं नाही त्यालाही सांगायचे. वीस वर्षांची थकबाकी भर बाजारात फेडत होते बहुतेक.

मी म्हणायची, "अण्णा, चला ना. शाळेला उशीर होतोय."

"थांब, बाळ," ते म्हणायचे. "अर्धवट सांगून कसं चालेल? मागं तेच तर केलं होतं."

मग मी थांबायची, सायकलवर बसूनच, डावा पाय खाली टेकवून. तो आता जमिनीला पोचत होता.